२६० टन पोलाद आणि मधूनच कापलेलं वाक्य

गेल्या वर्षभरात एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवला. तिघंही शिकलेली, विचार करणारी. त्यातल्या एकाचं तर सगळं आयुष्य यंत्रांत गेलंय. म्हणून दुर्लक्ष करवेना.

मजकूर थोडक्यात असा: दोन मेगावॉटच्या पवनचक्कीत २६० टन पोलाद असतं, त्यासाठी ३०० टन लोहखनिज आणि १७० टन कोकिंग कोळसा लागतो, आणि ती मोडून पडेपर्यंत फिरली तरी बांधणीत गेलेली ऊर्जा परत देत नाही. त्याला पुढे शेपटं जोडली आहेत. विजेची गाडी म्हणजे धूर फक्त लांब नेणं. तिच्या बॅटरीचं प्रदूषण फिटायला आठ वर्षं लागतात. वाऱ्याच्या मागे कोळशाचं केंद्र चालूच ठेवावं लागतं, म्हणजे बचत शून्य. लिथियम-कोबाल्टच्या खाणी पृथ्वी पोखरतात. शेवटी जमिनीत पुरलेल्या पात्यांचा फोटो.

पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

“पवनचक्की स्वतःची ऊर्जा कधीच भरून काढत नाही”

हे वाक्य कॅनडातले अभ्यासक थॉमस होमर-डिक्सन यांच्या नावावर फिरतं. त्यांनी ते लिहिलेलं नाही. २००९ साली त्यांनी संपादित केलेल्या एका पुस्तकात डेव्हिड ह्यूज या भूशास्त्रज्ञाचा लेख होता, त्यात पोलाद-कोळशाचे हे आकडे आहेत. आकड्यांनंतर ह्यूज विचारतात की पवनचक्कीला आपली ऊर्जा भरून काढायला किती काळ लागेल? उत्तरही तेच देतात: चांगल्या वाऱ्याच्या जागी तीन वर्षं किंवा त्याहून कमी; वाईट जागी कदाचित कधीच नाही. कुणीतरी यातली चांगली जागा आणि तिची तीन वर्षं कापली, वाईट जागेचा ‘कधीच नाही’ सगळ्या पवनचक्क्यांना चिकटवला आणि खाली संपादकाचं नाव टाकलं. होमर-डिक्सन यांनी हे जाहीरपणे खोडून काढलं आहे. पण खुलाशाला कधी पाय फुटत नाहीत.

कुणी काय लिहिलं ते बाजूला ठेवा. मजकुरात दिलेलेच आकडे घेऊन पाटीवर हिशोब करता येतो, आणि पाठवणाऱ्यांपैकी एकानेही तो केलेला दिसत नाही. एक टन कोकिंग कोळशात साधारण ८,००० युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास) उष्णता असते. १७० टनांत झाली १३ लाख ६० हजार युनिट. आता चक्की: २,००० किलोवॉट, वर्षाचे ८,७६० तास. वारा काही सदा वाहत नाही, म्हणून क्षमतेच्या ३० टक्केच वीज मिळते असं धरू. वर्षाला ५२ लाख युनिटांच्या वर. म्हणजे ज्या कोळशाचा एवढा बाऊ केला, त्याची ऊर्जा चक्की तीन महिन्यांत परत देते. शिवाय इथे उष्णतेचं एक युनिट आणि विजेचं एक युनिट मी सारखंच धरलं, ही त्या मजकुराला दिलेली सवलतच आहे. कोळशातून विजेचं एक युनिट काढायला उष्णतेची अडीच-तीन युनिटं जाळावी लागतात.

पोलादाखेरीज पायातलं काँक्रीट, पाती, तांब्याच्या तारा, वाहतूक, क्रेन हे सगळं धरलं तरी चांगल्या जागी हा काळ वर्षभराच्या आत-बाहेर राहतो. आयुष्य २० ते २५ वर्षांचं.

‘वाईट जागी कधीच नाही’ हे मात्र खोटं नाही. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की ऊर्जा निम्मी होत नाही, आठवा हिस्सा उरते. म्हणून तर चक्की उभारण्याआधी तिथे मनोरा ठोकून महिनोन्‌महिने वारा मोजतात. वारा नाही तिथे चक्की लावणं हा मूर्खपणा आहे, पण तसा तो पाणी नाही तिथे धरण बांधणंही आहे.

“विजेची गाडी धूर फक्त लांब नेते”

या दाव्यात तथ्य आहे. किती, ते मोजू.

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. ते जळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे २.३ किलो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसा, असं अनेकांना वाटतं. कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो आणि वजन त्यांचंच जास्त असतं. शंभर किलोमीटरला साडेसहा लिटर पिणारी गाडी झाली १५ किलो. पण पेट्रोल काही पंपाखाली उगवत नाही. विहिरीतून तेल काढणं, जहाजाने नेणं, रिफायनरीत तापवणं यात आणखी वीस-पंचवीस टक्के जातात. एकूण १८-१९ किलो.

विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतराला सुमारे १८ युनिट लागतात. सगळीच्या सगळी वीज कोळशाची असेल तर युनिटमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १८ ते २० किलो. बरोबरी, किंवा विजेची गाडी किंचित मागेच. हे मान्य. पण जळणांत सर्वांत मळकट असलेला कोळसा जाळूनही बरोबरी का होते, याचा विचार मजकूर लिहिणाऱ्याने केलेला नाही. पेट्रोलच्या इंजिनात ऊर्जेचा शंभरातला वीस-पंचवीसचा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत. मोठं औष्णिक केंद्र ३५ ते ४५ टक्के वीज काढतं, गॅसचं आधुनिक केंद्र साठाच्या घरात जातं, आणि विजेची मोटर मिळालेल्यातलं फारसं वाया घालवत नाही.

आणि सगळी वीज कोळशाची आहेच कुठे? २०२३ मध्ये जगातल्या विजेत कोळशाचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास होता, आणि युनिटमागे सरासरी कार्बन डायऑक्साइड अर्ध्या किलोच्या किंचित खाली. तारांमधली गळती आणि खाणीतला धूर धरून शंभर किलोमीटरला १० किलो होतील. पेट्रोलच्या साधारण निम्मे. नॉर्वेत जवळपास सगळी वीज पाण्याची, तिथे हा आकडा नगण्य.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेट्रोलची गाडी जन्मभर तेच पेट्रोल पिते; जुनी होत जाते तशी बिघडते, सुधारत नाही. विजेची गाडी मात्र ग्रिड, म्हणजे तिला वीज पुरवणारं जाळं, बदलेल तशी आपोआप बदलते. लोकांना वीज विकणारं कोळशाचं पहिलं केंद्र लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालं. त्याच ब्रिटनमध्ये २०१२ साली सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला कोळशाचं शेवटचं केंद्र, रॅटक्लिफचं, बंद झालं. २०१२ मध्ये तिथे घेतलेली विजेची गाडी आज एकही नवा स्क्रू न लावता पहिल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ धावते आहे.

“बॅटरीचं प्रदूषण फिटायला आठ वर्षं”

हा आकडा स्वीडनमधून आला. तिथल्या पर्यावरण संशोधन संस्थेने २०१७ मध्ये अंदाज दिला की बॅटरीच्या क्षमतेच्या प्रत्येक युनिटमागे १५० ते २०० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मग कुणीतरी १०० युनिटची, म्हणजे सर्वांत अवजड गाडीतली बॅटरी घेतली, गुणाकार केला आणि आठ वर्षांचा मथळा जगभर फिरला. त्याच संस्थेने २०१९ मध्ये नवी माहिती घेऊन आकडा सुधारला: ६१ ते १०६. सुधारित आकडा मात्र या मजकुरात शिरलेला नाही.

६० युनिटची मध्यम बॅटरी आणि युनिटमागे ८० किलो धरा. पावणेपाच टन. हे ओझं खरं आहे, विजेची गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा कर्जबाजारीच असते. जगाच्या सरासरी विजेवर वरच्या हिशोबाने शंभर किलोमीटरला साडेआठ किलो वाचतात, म्हणजे ५५ हजार किलोमीटरला कर्ज फिटलं. नॉर्वेसारख्या ठिकाणी त्याच्या निम्म्या अंतरात. निव्वळ कोळशाच्या विजेवर कधीच नाही. गाडीचं आयुष्य दोन लाख किलोमीटर धरलं तर हा सौदा वाईट नाही. पण महिन्याला दोनशे किलोमीटर फिरणाऱ्याने केवळ हवामानासाठी चालती गाडी मोडीत काढून नवी घ्यावी, असं मी म्हणणार नाही.

“कोळशाचं केंद्र चालूच ठेवावं लागतं, म्हणून बचत शून्य”

चालू ठेवणं आणि पूर्ण भाराने चालवणं यात फरक आहे. समजा, पूर्ण भारावर एखादं केंद्र तासाला १०० टन कोळसा खातं. अर्ध्या भारावर कार्यक्षमता घसरते, त्यामुळे ते ५० टनांवर न येता ५४-५५ टनांवर येतं. पाच टनांचा तोटा झाला, पण पंचेचाळीस वाचले. त्याला शून्य म्हणणं म्हणजे वजाबाकी न येणं.

राखीव क्षमता ठेवण्याची चाल वाऱ्याने आणलेली नाही. हजार मेगावॉटची अणुभट्टी बिघडली तर क्षणात ग्रिडवरून उतरते, पूर्वसूचना न देता. वारा किमान काही तास आधी सांगून पडतो. ऑस्ट्रेलियातल्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने २०१६ मध्ये आपलं शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं आणि आता तिथली सुमारे ७० टक्के वीज वारा-उन्हाची आहे. अर्थात उरलेल्यासाठी गॅस आहे आणि शेजारच्या व्हिक्टोरियाशी जोडलेल्या तारा आहेत, जिथे अजून लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, जळतो. तेही सांगायला हवं.

मजकूर लिहिणाऱ्याने खरा अवघड प्रश्न विचारलेलाच नाही. हिवाळ्यात सलग कित्येक दिवस वारा नाही आणि ऊनही नाही, असं युरोपच्या उत्तर भागात घडतं. चार तासांची बॅटरी तिथे पुरत नाही. तिथे गॅस, पाणी, अणुऊर्जा किंवा लांबच्या तारा लागतातच. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या कोळशाच्या आधी बंद केल्या; म्हणूनच तो क्रम माझ्या मते उलटा होता.

“लिथियम-कोबाल्टच्या खाणी”

काँगोतल्या कोबाल्टच्या हातखाणींत मुलं राबतात, हे खरं आणि लाजिरवाणं आहे. पण कोबाल्ट रिफायनरीतही लागतो, तेलातलं गंधक काढण्याच्या उत्प्रेरकांत, आणि त्याबद्दल असा मजकूर मला आजवर कुणी पाठवलेला नाही. लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट नसतोच, आणि २०२३ मध्ये विजेच्या गाड्यांतल्या बॅटरी-क्षमतेत त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर होता. राहता राहिलं पोखरणं: जग वर्षाला आठ अब्ज टनांहून जास्त कोळसा खणतं आणि तो एकदाच जळतो. बॅटरीतला धातू बॅटरी मेल्यावरही तिच्यातच असतो.

आणि तो फोटो

तो खरा आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परच्या कचराभूमीत पवनचक्क्यांची कापलेली पाती ओळीने पुरली आहेत. चक्कीतलं पोलाद, तांबं वितळवून पुन्हा वापरतात, पण पाती काचतंतू आणि इपॉक्सी नावाच्या राळेची. ती राळ एकदा घट्ट झाली की वितळत नाही. काही ठिकाणी पात्यांचा चुरा करून सिमेंटच्या भट्टीत टाकतात. बहुतेक ठिकाणी मात्र पुरणं स्वस्त पडतं, म्हणून पुरतात. अख्ख्या मजकुरातला हा एक मुद्दा मला खोडता आला नाही.