काउन्सेलर पाहिजे, आणि पोराला कळेल असं बोलणारा पाहिजे

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक शिकलेला काउन्सेलर नेमा असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं, त्यावर आमचाच एक वर्गमित्र, आता स्वतः मास्तर आहे, लिहितो, "ही सगळी फॉरेनची थेरं, आमच्या वेळी कुठं होता काउन्सेलर, झालोच की मोठे."

झालो की. पण आमच्या वर्गातली एक मुलगी एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, गणितात नापास झाली, निकालानंतर तिला घराबाहेर सोडलं नाही आणि त्याच वर्षी लग्न लावून दिलं, ती ह्या ग्रुपवर नाही. तिला कुणी विचारलं होतं का, बाई तुला काय होतंय?

इथं फिनलंडमध्ये, मी राहते त्या एस्पोत, पोरानं शाळेच्या सायकॉलॉजिस्टला भेटायचं म्हटलं की सात कामाच्या दिवसांत भेट द्यावीच लागते, घाईचं असलं तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी, कायदाच आहे तसा. ७८० मुलांमागे एक सायकॉलॉजिस्ट हे पण कायद्यातच. माणसं मिळत नाहीत, जागा रिकाम्या राहतात हे खरंय, पण मग कायद्यावर बोट ठेवून भांडता तरी येतं.

माझ्या लेकीनं मला न सांगताच विल्मावर, म्हणजे शाळेच्या ॲपवर, मेसेज टाकून वेळ घेतली. ती आत फिनिशमध्ये बोलत होती, मी बाहेर तिचं जॅकेट मांडीवर घेऊन बसलेली. बाहेर आली ती मोकळी होऊन, घरी मराठीत एवढं कधी बोलली नव्हती. मला लागलं ते, अजून लागतं. तिचं मन ह्या देशाच्या भाषेत मोकळं होतं आणि माझं अजून बेळगावच्या.

म्हणून सांगते, खानापूरकडच्या मराठी शाळेतल्या पोरासमोर नुसतं कन्नड येणारा काउन्सेलर बसवला तर ते पोर तोंड उघडणार नाही. पाट्यांवरनं आमच्याकडं दोन्ही बाजूंनी मोर्चे निघतात, पण ह्यासाठी कुणी निवेदन दिलेलं मी तरी बघितलं नाही. आणि शंभरच्या आतल्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं म्हणे. म्हणजे धारवाडचं डिमहान्स, मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या आईनं दिवसाची मजुरी बुडवून पोराला तिथवर न्यायचं, तेही एकदा नाही, परत परत.

"तिकडं बसून शिकवू नकोस" असं उत्तर येणार, माहीत आहे. पण इथं कुणी गाव विचारलं तर तोंडात अजून बेळगावच येतं, मग तिथल्या पोरांबद्दल गप्प का बसू? मास्तर, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, पुढच्या मीटिंगला हा विषय घे रे. अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हीत मी टाईप करून पाठवते.