असिर्टिको आणि ‘आंबटावर आंबट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सँटोरिनी या ग्रीसच्या ज्वालामुखी बेटावरच्या असिर्टिको या पांढऱ्या वाइनवर मी लिहिलेल्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, ही वाइन मुळातच दात आंबवणारी, तिच्यासोबत टोमॅटो, लिंबू आणि केपर (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) सुचवणं म्हणजे आंबटावर आंबट. त्यापेक्षा एखादी मऊ, गोडसर वाइन बरी. दोन, ‘ज्वालामुखीची चव’ हे विक्रेत्यांचं काव्य. दुसऱ्या मुद्द्यावर आपलं बरंचसं जुळतं. पहिला मला अजिबात पटत नाही.

आंबटपणा जिभेला तुलनेनंच कळतो. टोमॅटोचा घास खाल्ल्यावर पुढच्या घोटातला आंबटपणा कमी जाणवतो. वाइन पदार्थापेक्षा कमी आंबट असेल, तर ती पाणचट लागते. तुम्ही सुचवलेल्या मऊ वाइनचं नेमकं हेच होईल. असिर्टिको मात्र लिंबू पिळलेल्या पदार्थापुढेही टिकते, उलट तिच्यातली फळांची चव तेव्हाच पुढे येते. खारवलेले केपरही तिची धार कमी करतात, कारण मिठानं वाइनचा आंबटपणा सौम्य वाटतो.

बेटावरचंच जेवण बघा. पाऊस तुटपुंजा, जमीन राखेची आणि सच्छिद्र दगडांची. तिथला टोमॅटो पाटपाण्याशिवाय वाढतो, म्हणून लहान, जाड सालीचा आणि चवीला दाट. तो चिरून कांदा, पुदिना आणि पीठ घालून तळतात, त्याला तोमातोकेफ्तेदेस म्हणतात. आंबट, गोड आणि तेलकट एकाच घासात! अशा घासानंतर तोंड स्वच्छ करणारी वाइनच हवी. फावा ही तिथली पिवळ्या डाळीची घोटलेली भाजी. वर कच्चा कांदा, ऑलिव्ह तेल, केपर. वरणावर लिंबू पिळल्यानं जे होतं, ते इथे वाइनचा घोट करतो. निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस तर आहेच. अंडं-लिंबाच्या रश्श्यातलं कोकराचं मटणही मी आवर्जून सुचवेन. पांढरी वाइन फक्त माशांसोबत, हे बंधन मी मानत नाही.

आता ज्वालामुखी. दगडाची चव मुळांतून द्राक्षात चढत नाही, हे खरंच. पण ज्वालामुखीचा परिणाम खोटा नाही. या मातीत पोटॅशियम फार कमी आहे. द्राक्षात ते जास्त असलं की टार्टारिक आम्लाचा, म्हणजे द्राक्षातल्या मुख्य आम्लाचा, जोर कमी होतो. इथे तो टिकतो. म्हणून भर उन्हात पूर्ण पिकलेल्या, 14 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल देणाऱ्या द्राक्षातही एवढी धार राहते. शिवाय मातीत चिकणमाती जवळजवळ नसल्यानं युरोपातल्या बागा उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा कीड इथे रुजलीच नाही. वेली आजही कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून जमिनीलगत टोपलीसारख्या वळवलेल्या. या सगळ्याला मी काव्य म्हणणार नाही.

ही वाइन कुठे जुळत नाही, तेही सांगतो. मिरचीच्या जाळासोबत नको, तिच्यातलं अल्कोहोल तो जाळ वाढवतं. गोड सॉससोबतही नको, तिथे ती खरोखरच दात आंबवते. आणि बर्फगार तर मुळीच पिऊ नका, वास दबतो आणि आंबटपणा तेवढा उरतो. 10 ते 12 अंश पुरे.

तळलेला मासा आणि लिंबाची फोड घ्या, तुमची मऊ वाइन आणि असिर्टिको शेजारी ठेवा. आधी नुसता घोट, मग घास, मग पुन्हा घोट. दोन्हींपैकी कोणती पाणचट लागली, ते मला जरूर कळवा.