८० च्या वर मार्क म्हणजे डोळे झाकून सायन्स? जरा थांबा

दहावीचा निकाल लागला की तो मेसेज फिरायला लागतोच. फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, सगळीकडे तोच. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ८० च्या वर मार्क असतील तर डोळे झाकून सायन्स घ्या, सायन्सवरून कुठेही जाता येतं पण आर्ट्स-कॉमर्सवरून सायन्सला येता येत नाही, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घ्या म्हणजे डॉक्टर आणि इंजिनियर दोन्ही ऑप्शन हातात, डिप्लोमा वगैरे कमी मार्कवाल्यांसाठी, कॉलेज नावापुरतं ठेवून इंटिग्रेटेड (कॉलेजशी जोडलेला एंट्रन्सचा क्लास) लावा, आणि मुलांना विचारत बसू नका, पंधरा वर्षांच्या पोराला काय कळतंय. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. म्हणजे हा मेसेज वाचून घेतलेल्या अ‍ॅडमिशन्स पावसाळ्यात माझ्याच वर्गात येऊन बसतात, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी ते ८० टक्के. स्टेट बोर्डाचा टक्का बेस्ट ऑफ फाइव्हवर निघतो, म्हणजे सहा विषयांतला सगळ्यात कमी मार्कांचा विषय बाहेर. तो विषय गणित असला तरी बाहेर. त्यात प्रत्येक विषयाचे २० मार्क शाळेच्या हातात, वर चित्रकलेचे किंवा खेळाचे वाढीव गुण मिळाले असतील तर ते वेगळे. मी त्या गुणांच्या विरोधात अजिबात नाही, मुलं मेहनत करून मिळवतात, पण त्या बेरजेवरून पोराला व्हेक्टर जमेल की नाही हे कसं कळणार? मराठी, संस्कृत आणि सामाजिक शास्त्रांवर ८८ टक्के आलेला आणि गणित-विज्ञानावर ८८ आलेला, या दोन मुलांना तो मेसेज एकाच रांगेत उभं करतो. मार्कशीट घ्या आणि विषयवार बघा. गणिताचे दोन भाग आणि विज्ञानाचे दोन भाग यांच्या लेखी परीक्षेत प्रत्येकी ४० पैकी किती पडले असतील आणि ते पाठ करून की समजून, हे घरात मुलाला बरोबर माहीत असतं.

कारण अकरावीत काय होतं सांगते. फिजिक्सच्या पुस्तकात पहिला धडा मापनाचा, तो दहावीच्या जोरावर निघून जातो, आणि लगेच दुसरा धडा मॅथेमॅटिकल मेथड्स, व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची ओळख. मॅथ्सच्या वर्गात अजून तिथवर पोचलेलेही नसतात. पहिल्या युनिट टेस्टचे पेपर परत देते तेव्हा २५ पैकी ६, ७ बघून नव्वदीतली पोरं पेपर दुमडून दप्तराच्या तळाशी घालतात, घरी दाखवत नाहीत, आणि दिवाळीपर्यंत पालकांना वाटतं सगळं छान चाललंय. यातली बरीच सावरतात बरं का, ज्यांना विषय आवडतो ती तर हमखास. जी फक्त टक्क्यांमुळे आलीत त्यांचं अवघड होतं.

आता 'सायन्सवरून कुठेही जाता येतं'. हे अर्धं खरं आहे आणि खरं ते खरं म्हणायलाच हवं. मेडिकल, आयुर्वेद, बी.एस्सी. नर्सिंग, फार्मसी, बारावीनंतरचं इंजिनियरिंग, एनडीएतून नेव्ही किंवा एअर फोर्स, यातलं काही डोक्यात असेल तर सायन्स लागतंच, वाद नाही. पण ज्या दरवाज्यांसाठी सायन्स लागतच नाही ते 'उघडे ठेवायला' दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री कशाला? पाच वर्षांचा लॉ कुठल्याही शाखेतून होतो, क्लॅट (राष्ट्रीय लॉ विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची लॉ सीईटी, दोन्हींना शाखेची अट नाही. सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, कुठल्याही शाखेतून. बीबीए, बीएमएसची सीईटी राज्याने २०२४ पासून सुरू केली, तिथेही शाखा आडवी येत नाही. एनडीएची आर्मी विंग, तिथेही नाही. यूपीएससी-एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी हवी, ती कुठलीही. आणि हे ऐकून लोक दरवेळी चमकतात: पवईच्या आयआयटीत बी.डिझाइन करायला यूसीड नावाची परीक्षा असते, ती आर्ट्स-कॉमर्सवालेही देऊ शकतात, त्यात चक्क ड्रॉइंग येतं.

बारावी सायन्स करून मग कॉमर्सला जाता येतं, हो, येतं. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांतला पहिलाच अकाउंट्सचा, आणि बाकीची पोरं दोन वर्षं डेबिट-क्रेडिट करून आलेली असतात तेव्हा आपलं पोर जर्नल एंट्रीपासून सुरू करतं. एक मात्र त्या मेसेजने सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, की कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं तरी जमत असेल तर मॅथ्स सोडू नका. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं तर मॅथ्स लागतं. शाखेपेक्षा कधीकधी एक विषय जास्त नडतो तो असा.

पीसीएमबीचा सल्ला तर मला सगळ्यात जास्त खटकतो. इंजिनियरिंगच्या सीईटीत २०० पैकी १०० मार्क मॅथ्सचे. मेडिकलच्या नीटमध्ये ७२० पैकी ३६० बायोलॉजीचे. म्हणजे दोन्ही परीक्षांचा निम्मा भाग असा आहे जो दुसरी परीक्षा विचारतच नाही. पोर दोन्हीकडे पाय ठेवून उभं राहतं आणि क्लासच्या टाइमटेबलमध्ये दोन्हीचं अर्धं अर्धं होतं. नीटला २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं बसली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर, त्यातही सरकारी फीच्या जागा निम्म्याच्या आसपास, तिथे अर्ध्या तयारीने काय होणार? ज्याला दोन्ही खरंच आवडतं आणि झेपतं त्याने जरूर घ्यावं, असतात अशी मुलं, पण 'निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो' म्हणून घेऊ नये. आणि बायोलॉजी सोडलं की डॉक्टरकी कायमची गेली असंही आता राहिलं नाही, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने बारावीनंतर अ‍ॅडिशनल विषय म्हणून बायोलॉजी देऊन नीटला बसायची मोकळीक दिली.

डिप्लोमा कमी मार्कवाल्यांसाठी, असं म्हणणाऱ्याने पुण्या-मुंबईच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकची कॉम्प्युटरची कटऑफ एकदा उघडून बघावी. नव्वदीच्या घरात असते. पात्रता ३५ टक्के आहे म्हणून सीट ३५ टक्क्यांवर मिळते असं नाही ना. वेळ वाया जातो म्हणावं तर हिशोब करा: अकरावी-बारावी दोन आणि इंजिनियरिंग चार, सहा वर्षं. डिप्लोमा तीन आणि मग इंजिनियरिंगला डायरेक्ट सेकंड इयरपासून तीन, सहाच वर्षं. फरक एवढाच की दुसऱ्या रस्त्याला सीईटी नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर अ‍ॅडमिशन, पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या नामांकित कॉलेजांनासुद्धा. मध्येच घरची परिस्थिती बदलली तर तीन वर्षांनी हातात नोकरीला चालणारं सर्टिफिकेट असतं, सिव्हिलवाला कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला बसू शकतो. बारावी सायन्सच्या मार्कशीटवर अशी कुठली नोकरी मिळते? त्रास कुठे होतो तेही सांगते, सेकंड इयरला थेट आलेल्यांना एम-थ्री (इंजिनियरिंगचं तिसरं मॅथ्स) फार छळतं, कारण फर्स्ट इयरचं मॅथ्स त्यांनी केलेलं नसतं. ते आधीच ठाऊक असलं तर सुट्टीत भरून काढता येतं. आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे तिथेही रस्ता बंद नाही.

इंटिग्रेटेडबद्दल फार लिहीत नाही, ज्याची त्याची ऐपत. फक्त दोन गोष्टी. महाराष्ट्रात इंजिनियरिंगला बारावीच्या पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीवला ४० लागतात. सीईटीला ९५ पर्सेंटाइल आणि बोर्डात या ४५-४० च्या खाली, असं झालं की सीट मिळत नाही, आणि कॉलेजचं तोंड न बघितलेल्या मुलांचं असं होतं. दुसरं, पूर्ण दोन वर्षांची फी एकदम भरताना जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या कोचिंग गाइडलाइन्स वाचा, मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत करावी असं त्यात म्हटलंय. काउंटरवर हे तुम्हाला कोणी आपणहून सांगणार नाही.

राहिलं पंधरा वर्षांच्या पोराला काय कळतंय. करिअर कळत नाही, मान्य, मलाही त्या वयात कळत नव्हतं. पण कुठला तास संपूच नये असं वाटतं आणि कुठल्या तासाला घड्याळ बघतो हे त्याला तुमच्यापेक्षा नक्की जास्त कळतं. बोर्डाने २०१६ पासून काही वर्षं दहावीची कल चाचणी घेतली, तिचा अहवाल कित्येक घरांत कोणी उघडूनही बघितला नाही, कारण सायन्स आधीच ठरलेलं होतं. खर्च किती झेपेल, हॉस्टेलला पाठवायचं की नाही, हे आईवडिलांनीच ठरवायचं आणि पोराला स्पष्ट आकडा सांगायचा, त्यात लाजायचं काय. विषय मात्र त्याच्याशी बोलून.

आणि हे बोलणं अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायच्या आधी करा. तिथे पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांत संधी नाही. म्हणून 'बघू, मिळालं तर मिळालं' म्हणून सायन्सचं नामांकित कॉलेज एक नंबरला टाकू नका, मिळतं ते.