रक्त पोहोचतं, पण सावकाश

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मधुमेहात व्यायामाच्या वेळी स्नायूंना रक्त अपुरं पडतं असं लिहून मी आळशी माणसाच्या हातात आयती सबब दिली. दमणं हा सवयीचा प्रश्न आहे, आणि रक्तच पोहोचत नसेल तर डॉक्टर चालायला का सांगतात?

शेवटचा प्रश्न रास्त आहे, म्हणून तो आधी घेतो. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न बघता आत ओढतो. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूसुद्धा हे करतो, म्हणून टाइप २ मधुमेहात (ज्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) चालल्यावर साखर उतरते. रक्तपुरवठ्यातला दोष आणि चालण्याचा फायदा एकाच पायात खुशाल नांदतात.

आता सबबीचं. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदयातून मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त निघतं, त्यातलं जेमतेम १ लिटर स्नायूंच्या वाट्याला येतं. जोरदार व्यायामात तेच २० लिटरपर्यंत जातं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के स्नायू घेतात. त्यासाठी धमन्या रुंदावाव्या लागतात. रक्ताचा वेग वाढला की धमनीच्या आतल्या अस्तराला ते घर्षण जाणवतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि धमनी सैलावते. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्याच अस्तरात सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप) वाढतं आणि नायट्रिक ऑक्साइडला काम करण्याआधीच गाठून संपवतं. शिवाय व्यायामात सिम्पथेटिक चेतातंतू (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या नसा) रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम सोडतात. राबणारा निरोगी स्नायू तो बऱ्याच अंशी धुडकावतो. टाइप २ मध्ये हे धुडकावणं कमी पडतं.

याचा फटका जास्त बसतो तो सुरुवातीलाच. जिना चढायला लागलं की ऑक्सिजनची मागणी लगेच वाढते, स्नायूंचा ऑक्सिजन वापर मात्र टाइप २ मध्ये जास्तच हळूहळू चढतो, मधली तूट ऑक्सिजनविना भागवावी लागते आणि पाय भरून येतात. वजनाने सारख्या आणि तितक्याच बैठ्या, पण मधुमेह नसलेल्या लोकांशी तुलना केली तरी हा फरक उरतो. म्हणजे नुसत्या सवयीवर खापर फोडता येत नाही. पायाकडे जाणारं एकूण रक्त काही जणांत नेहमीइतकंच असतं, हेही खरं. तिथे गडबड केशवाहिन्यांमधल्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांमधल्या, वाटपात असू शकते. (स्नायूंतल्या केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० चं नोबेल मिळवणारे ऑगस्ट क्रोग दोनच वर्षांनी इन्सुलिन डेन्मार्कला आणण्याच्या खटपटीला लागले, कारण पत्नी मारी यांना मधुमेह होता. दोन्ही विषय एकाच घरात!)

तुम्ही पुढे लिहिलंय, 'माझीही पोटरी दुखते, चालत राहिलं की जाईल.' इथे जरा थांबा. ठरावीक अंतरावर पोटरी आवळून येत असेल आणि उभं राहिल्यावर काही मिनिटांत मोकळी होत असेल, तर पायाच्या मोठ्या धमनीत अडथळा असू शकतो. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात, ०.९ किंवा कमी आलं तर अडथळा धरतात. पण जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने ती नीट दाबली जात नाही आणि आकडा फसवा, कधी १.४ च्याही वर येतो. तसं झालं तर पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. अडथळा निघाला तरी चालणं सहसा सुटत नाही: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, हा उपचाराचाच भाग असतो. फक्त पायाला जखम नाही ना, हे रोज बघायचं.