उशी उन्हात, मी घरात

त्या दिवशी सकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि गॅस बंद करायला मी डावीकडे वळले. म्हणजे वळायचं ठरवलं. डोळे वळले, कंबर वळली, मान मात्र जागच्या जागी राहिली. उजव्या कानामागून एक कळ निघाली ती थेट खांद्याच्या टोकापर्यंत गेली. चौथी, पाचवी आणि सहावी शिट्टी मी ओट्याला धरून उभ्याउभ्या ऐकली. त्या दिवशी घरात सगळ्यांनी भाताची पेज खाल्ली.

मान आखडली की माणसाचं सगळ्यात आधी काय जातं, तर नकार. 'हो' म्हणण्यापुरती मान थोडी वर-खाली होत होती. 'नाही'साठी ती आडवी हलवावी लागते, ते खातं बंद. त्या आठवड्यात मी एका भिशीत शिरले, सोसायटीच्या सत्यनारायणाची वर्गणी गोळा करायचं पुस्तक घेतलं आणि नणंदेच्या मुलाला दहावीचं बीजगणित शिकवायचं कबूल करून बसले. फेब्रुवारीत! डोंबिवलीहून लोकलने जाताना कुणी 'कुठे उतरणार?' विचारलं की उत्तर द्यायला मी कमरेपासून अख्खी वळायची, किल्ल्यावरची तोफ वळावी तशी. चौथ्या सीटवरची बाई त्यात दोनदा पडता पडता वाचली.

आईला फोन केला. आई यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी असते आणि तिच्याकडे सगळ्या रोगांचं निदान फोन उचलायच्या आधीच तयार असतं.

"उशी भरली असन. उनात टाक तिले."

"अगं, पण मानेवर काही उपाय?"

"मानेले काय करतं? उशी उनात टाक म्हनलं ना."

मग उशी दिवसभर गच्चीत ऊन खात पडली आणि मी घरात आखडून. संध्याकाळी उशी चांगली टवटवीत झाली होती. तिला काही त्रास उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईचा दुसरा हुकूम आला. उशीनं नाही भागलं तर एखादा पायाळू माणूस पाहायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाने हलकेच लाथ मारली की उसण, चमक, लचक सगळं पळतं अशी आपल्याकडची जुनी श्रद्धा आहे. शोध घेतला तर पायाळू निघाले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. वय एकसष्ट, निवृत्त, अत्यंत सभ्य. "वहिनी, मी आजवर सोसायटीत कोणाला दुखावलं नाही हो," असं ते तीनदा म्हणाले. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना पाय धुऊन घेऊनच यायला लावलं. मी पाटावर बसले. सेक्रेटरींनी एका हाताने फ्रिज धरला, डोळे मिटले आणि माझ्या मानेपर्यंत पाय उचलला. पाय पोचला की नाही ते मला कळलंच नाही, कारण मध्येच 'आई गं' असा आवाज आला. तो माझा नव्हता. त्यांच्या कमरेत उसण भरली होती. पायाळूला उसण भरली तर लाथ कोणी मारायची, याची तरतूद आपल्या पूर्वजांनी केलेली नाही.

नवऱ्याचा उपाय वेगळा. तो ज्या सलूनमध्ये केस कापतो तिथला माणूस चंपी झाल्यावर हनुवटी आणि डोकं धरून 'कट्-कट्' असे दोन आवाज काढतो, त्याच्याकडे चल म्हणे. सलूनमध्ये बायकांनी जायचं कसं या एका मुद्द्यावर मी वाचले. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून ओवल्यासारख्या वर जातात. अशा झटक्याने त्यांचं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हे क्वचित होतं, पण होतं. नवरा सोबत होता. त्याने नकळत स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

डॉक्टरांकडे मी तयारीनिशी गेले होते. एक्स-रे स्वतःच काढून नेला होता. रिपोर्टात लिहिलं होतं की मानेची नैसर्गिक कमान सरळ झाली आहे, सी-५ आणि सी-६ या मणक्यांत झीज आहे, म्हणजे सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस. ते नाव वाचून मानेचा जो भाग अजून हलत होता तोही थिजला. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, खाली ठेवला आणि विचारलं, "केसांना रंग लावता ना?"

हा काय प्रश्न झाला? पण त्यांना म्हणायचं होतं की ही झीज म्हणजे आतले पांढरे केस. चाळिशी-पन्नाशीनंतर एक्स-रे काढला तर ज्यांची मान कधीच दुखली नाही अशांच्याही मणक्यांत ती दिसते. आणि स्नायू आखडले की कमान सरळ दिसणारच. एक्स-रेत झीज दिसली म्हणून दुखणं तिचंच, असं होत नाही. एरवी या पहिल्या भेटीत त्यांनी एक्स-रे सांगितलाच नसता. माझे पैसे गेले ते गेलेच.

मग त्यांनी खरे प्रश्न विचारले. हाताला मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, हातातून वस्तू पडतात का, बटणं लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा सुटतो का, ताप आहे का, वजन उगाच उतरलंय का, कुठे पडलात का. यातलं काही असतं तर गोष्ट वेगळी होती आणि घाईची होती. डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दडपण आणि घाम आलाय, असं असेल तर मानेचा विचार न करता सरळ हॉस्पिटल गाठायचं, हेही त्यांनी बजावलं. मी सगळ्याला 'नाही' म्हणाले, तोंडाने. वजनाच्या प्रश्नाला जरा जोरात. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर करायला लावले आणि पाठीमागे हूक लावतात तिथपर्यंत न्यायला सांगितले. हात गेले, म्हणजे खांदा गोठलेला (फ्रोझन शोल्डर) नव्हता. आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमचा गोठलाय, त्यांना वेणीसुद्धा घालता येत नाही. मधुमेह असणाऱ्यांत हा प्रकार जास्त दिसतो आणि सुटायला एक-दोन वर्षंही लागतात.

मला मिळाल्या पाच दिवसांच्या गोळ्या, शेक आणि 'हलत राहा' हा सल्ला. पट्टा नाही! मी खरं तर पट्ट्यासाठीच गेले होते. मानदुखी दिसत नाही हो कुणाला. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो. मानेला पट्टा असता तर लेडीज डब्यात चौथी सोडा, खिडकीची सीट मिळाली असती. पण डॉक्टर म्हणाले, फार दिवस पट्टा लावला की मानेचे स्नायू कामच विसरतात, मग पट्टा निघता निघत नाही.

फिजिओथेरपिस्ट माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने माझी मान बघायच्या आधी पर्स मागितली, हातात तोलली आणि म्हणाली, "काकू, हिचं वजन केलंय कधी?"

येताना भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवली. ३ किलो ८४० ग्रॅम. आत काय नव्हतं? आजचा डबा, कालचा रिकामा डबा, पाण्याची बाटली, फेब्रुवारीतली छत्री, चार्जर, किल्ल्यांचे तीन जुडगे (त्यातल्या एकाचं कुलूप कुठे आहे ते घरात कोणालाच ठाऊक नाही), देवळातला अर्धा नारळ आणि नणंदेच्या मुलाचं बीजगणित. भाजीवाला म्हणाला, "ताई, एवढे कांदे घेतले असते तर पंधरा दिवस निघाले असते."

ती पर्स गेली वीस वर्षं माझ्या उजव्या खांद्यावर आहे. पट्टा घसरू नये म्हणून आपण खांदा किंचित वर उचलून धरतो, ते आपल्याला जाणवतही नाही. ट्रॅपेझियस नावाचा एक स्नायू आहे. कवटीच्या मागून निघून दोन्ही खांद्यांच्या टोकांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत तो पतंगासारखा पसरलेला असतो. सगळा भार त्याच्यावर. पर्सचा आहेच, वर साडेचार-पाच किलोचं डोकं आहे. फोन कान आणि खांद्यात दाबून कणीक मळायची, ती त्याच्याच जिवावर. मान साठ अंश खाली घालून मोबाइल बघितला तर मानेवर सुमारे २७ किलोचा ताण येतो, असं गणित एका अमेरिकन शल्यविशारदाने २०१४ मध्ये मांडलं होतं. मी ते फिजिओथेरपिस्टला ऐकवलं. मोबाइलवरच वाचलं होतं, मान खाली घालून. ती हसली. म्हणाली, "काकू, नुसतं वाकून कोणाची मान दुखत नाही. तासन् तास तसंच बसून दुखते. झोप कमी झाली, डोक्याला घोर लागला की जास्तच. तुमचे खांदे बघा, आत्तासुद्धा कानाला लागलेत."

लागले होते खरे. अकाउंट्समध्ये आहे मी, मार्चअखेर तोंडावर आली होती. मानेचे मणके माणसाला सात आणि जिराफालाही सातच. पण त्याला मार्चअखेर नसते.

व्यायाम म्हणाल तर इतके किरकोळ की सांगायला लाज वाटते. हनुवटी सरळ मागे घ्यायची, पाच मोजायचे, सोडायची. यात दोन हनुवट्या दिसतात; माझ्या तीन दिसल्या. खांद्यांची मागची हाडं एकमेकांकडे ओढायची. दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायचं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला हवा, म्हणून तिच्याखाली मी दिवाळी अंक ठेवले. सहा अंकांत बरोबर उंची आली. पैकी चार वाचायचे राहिलेत, पण आता मार्चनंतरच काढता येतील. भिशीला 'नाही' म्हणण्याइतकी मान दहा दिवसांत हलायला लागली. भिशीचा पहिला हप्ता तोवर भरून झाला होता.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टने शेकाची गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून खांद्यावर ठेवली आणि मला एकदम माहेरचं अंगण आठवलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा बैलांची खांदमळण करायचे. हळद आणि तूप गरम करून पळसाच्या पानाने, जिथे वर्षभर जू घासतं नेमका तिथे शेक. आमचा तांबड्या बैल मान लांब करून डोळे अर्धे मिटायचा. मीही मिटले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे खांदमळण झाली मने तुही! मंग आवतन कोनं देल्लं?"

आवतणाचं नवऱ्याला समजावून सांगावं लागलं, तो गिरगावातला. खांदमळण झाली की बैलाला रीतसर जेवणाचं आमंत्रण देतात. पोळ्याच्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, पुरणपोळी त्याच्यापुढे येते. नवऱ्याला ते फार आवडलं. रात्री कोमट तेल घेऊन बसला, बऱ्यापैकी मन लावून खांदे चोळले, आणि कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"येते की," मी म्हटलं, "पुरण तुम्ही घालणार ना?"

खांद्यावरचे हात थांबले.