आपला एरेन आणि त्यांचा राइनर

ज्यांनी ‘अटॅक ऑन टायटन’ अजून पाहिली नाही आणि शेवट कळला तर ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांनी इथूनच परत फिरावं. बाकीच्यांनी बसा. ही जपानी ॲनिमे (कार्टून) मालिका एप्रिल २०१३मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२३मध्ये संपली. म्हणजे शाळेत असताना एरेन येगरचा फोटो डीपीला लावलेली पोरं मालिका संपेपर्यंत नोकरीला लागली. इतकी वर्षं एकाच नायकावर निष्ठा ठेवणं सोपं नाही. त्यातून तो नायक जगभरची माणसं तुडवायला निघाला, तर निष्ठावंताची फारच ओढाताण होते. ती होऊ नये म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

सगळ्यात महत्त्वाचं काम पहिल्याच भागात उरकून घ्यायचं. वर्ष ८४५, शिगानशिना गाव, पन्नास मीटर उंचीची भिंत आणि तिच्यावरून डोकावणारा साठ मीटरचा महाकाय टायटन, म्हणजे माणसासारखा दिसणारा राक्षस. तो वेशीला लाथ घालतो, दगड उडतो, एरेनची आई घराखाली अडकते आणि पोरादेखत दुसरा एक टायटन तिला खातो. हे दृश्य मनात नीट साठवून ठेवा. पुढची दहा वर्षं तुम्हाला याच भांडवलावर काढायची आहेत. एरेनने काहीही केलं की ‘पण त्याची आई गेली ना!’ एवढं म्हणायचं. आया इतरांनाही असतात, पण त्या पहिल्या भागात दाखवलेल्या नाहीत, हे त्यांचं दुर्दैव. लेखक हाजिमे इसायामांनी ज्या क्रमाने ओळखी करून दिल्या, त्याच क्रमाने माया वाटायची. आधी भेटला तो आपला बाब्या, नंतर भेटलं ते कार्टं.

या गोष्टीत काही माणसांना टायटन होता येतं, पुढे एरेनलाही येतं. पण वेस फोडणाऱ्या टायटनांच्या आत कोण होतं, हे विचारू नका. विचारलंत तर कळेल, की ती दहा-बारा वर्षांची मुलं होती. शत्रुराष्ट्राने त्यांना शपथा घालून समुद्रापार पाठवलं होतं, वाटेतच त्यांच्यातला एक जण खाल्ला गेला होता आणि हात हलवत परत जाण्याची त्यांना भीती वाटत होती. वयं कळली की राग पातळ होतो. राग पातळ झाला की मालिकेची मजा जाते.

दुसऱ्या सीझनमध्ये राइनर ब्राउन भिंतीवर उभा राहतो आणि दूधवाल्याचा हिशोब सांगावा अशा आवाजात एरेनला सांगून टाकतो, की चिलखती टायटन मीच आणि महाकाय टायटन हा माझ्याशेजारचा बर्टोल्ट. इथे तुम्ही ‘गद्दार!’ म्हणून ओरडायचं आणि तिथेच थांबायचं. बारकाईने पाहू नका. पाहिलंत तर लक्षात येईल, की हा माणूस इतकी वर्षं ज्यांच्यात जेवला-झोपला त्यांच्यात इतका मिसळला, की आपण नक्की सैनिक की हेर, हे तो स्वतःच विसरायला लागला आहे. सहकाऱ्यांसाठी जीव धोक्यात घालताना तो नाटक करत नव्हता. खलनायकाने खोटं बोलावं हे समजू शकतं. त्याने मनापासून मैत्री करावी, हे मात्र फार गैरसोयीचं आहे.

डिसेंबर २०२०मध्ये शेवटचा सीझन सुरू होतो आणि कॅमेरा सरळ समुद्रापलीकडे जातो. आपला एकही माणूस दिसत नाही. मार्ली नावाचा देश, लिबेरियो नावाची कोंडवाड्यासारखी वस्ती, दंडाला पट्टी बांधल्याशिवाय बाहेर पडता न येणारे एल्डियन लोक. यांचं रक्त आणि आपल्या नायकाचं रक्त एकच आहे, पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. ‘हे कोण नवे लोक? एरेन कुठाय?’ अशी तक्रार लगेच सुरू करा. सुदैवाने याच वेळी मालिका बनवण्याचं काम विट स्टुडिओकडून माप्पा या स्टुडिओकडे गेलं होतं. तेव्हा चित्रं कशी बिघडली, टायटन कसे संगणकावर बनवलेले वाटतात, यावर महिनोन्महिने वाद घालता येतो. या वादाचा मोठा फायदा असा, की गोष्टीत काय चाललंय यावर कोणालाच बोलावं लागत नाही.

कारण गोष्टीत फार वाईट गोष्टी चालल्या आहेत. लिबेरियोतली लहान मुलं टायटनची शक्ती मिळावी म्हणून एकमेकांशी स्पर्धा करतात. ती मिळाली की माणूस तेरा वर्षांत मरतो, तरी करतात. राइनरही असाच या स्पर्धेतून पुढे आला. आपण मानाचे मार्लियन झालो तर आईला सोडून गेलेला बाप परत येईल, एवढी त्याची महत्त्वाकांक्षा. बापाने त्याला झिडकारलं. पुढे कळलं, की त्याची निवडसुद्धा त्याच्या गुणांवर झालेली नव्हती. दुसऱ्या एका मुलाने आपल्या धाकट्या भावाला वाचवण्यासाठी राइनरला पुढे ढकललं होतं. एका भागात हा राइनर बंद खोलीत बंदुकीची नळी तोंडात घालतो. तेवढ्यात बाहेर फाल्को नावाचा पोरगा निराश होऊन भिंतीवर मूठ आपटतो, त्या आवाजाने राइनर थांबतो. हे दृश्य पुढे ढकला. पुढे ढकलणं जमलं नाही, तर त्याच्यावर एखादा मीम बनवा. दोन्हीचा परिणाम सारखाच होतो.

आता गाबी. गाबीचा द्वेष करण्यात बिलकुल कुचराई करू नका, ही निष्ठेची खरी कसोटी आहे. लिबेरियोतल्या या बारा वर्षांच्या पोरीने एरेनची सोबतीण असलेल्या आपल्या साशाला गोळी घातली, आणि साशा सगळ्यांची लाडकी होती, अगदी पहिल्या सीझनमधल्या त्या उकडलेल्या बटाट्यापासून. त्यामुळे गाबीने असं का केलं, याचा तपशील कोणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवा. तपशील असा: आपल्या लोकांनी तिच्या गावावर रात्री हल्ला केला. तिची एक मैत्रीण दगडाखाली चिरडली गेली, एक मित्र गर्दीच्या पायांखाली आला, तिच्याशी मायेने वागणाऱ्या पहारेकऱ्यांना खुद्द साशानेच टिपलं. मग ही पोरगी दात-ओठ खात बंदूक घेऊन शत्रूच्या हवाई जहाजावर चढली. गावावर हल्ला, माणसं डोळ्यांदेखत मेलेली, ‘एकेकाला बघून घेईन’ म्हणणारं संतापी मूल! पहिल्या भागात याच गोष्टीवर आपण टाळ्या वाजवल्या होत्या. पण तेव्हा ते मूल एरेन होतं. गाबीचं नाव काढलं की ‘ती फार किंचाळते’ म्हणायचं. एरेन पहिले तीन सीझन काय कुजबुजत होता, असं कोणी खवचटपणे विचारलं तर विषय बदलायचा.

साशाच्या वडिलांपासून तर विशेष जपा. मुलीला मारणारी समोर उभी आहे, कोणीतरी सुरी हातात देतंय, आणि हा शिकारी म्हातारा सूड घ्यायचं नाकारतो. निदान पोरांना तरी या मारामारीच्या जंगलातून बाहेर काढायला हवं, असं म्हणतो. ज्याचं सगळ्यात जास्त गेलं तोच असा बोलायला लागला, तर आपण प्रेक्षकांनी कोणाच्या वतीने चिडायचं?

भाषेचीही थोडी तयारी हवी. त्यांनी वेस फोडली तो नरसंहार. आपण लिबेरियोत सभेला जमलेल्या लोकांवर टायटन होऊन झडप घातली, ती ‘बदल्याची चाल’. त्यांनी मुलांना लढायला लावलं ते राक्षसीपण. आपण पंधरा वर्षांच्या पोरांना शपथ देऊन टायटनपुढे उभं केलं, ते स्वातंत्र्याचे पंख. त्यांचा माणूस थंड चेहऱ्याने मारतो तो निर्दय, आपला थंड चेहऱ्याने मारतो तो ‘मॅच्युअर झाला’. केस वाढवून मागे बांधले असतील तर अधिकच मॅच्युअर.

लिबेरियोच्या तळघराचा प्रसंग मात्र टाळता येणार नाही, कारण तो मालिकेतला फार गाजलेला भाग आहे. एरेन खोटं नाव घेऊन तिथल्या इस्पितळात राहिलेला असतो, बिचाऱ्या फाल्कोशी ओळख वाढवून त्याच्याच हातून पत्रं टपालात टाकून घेतो. मग त्याच्याकरवीच राइनरला तळघरात बोलावतो. वर मार्लीतला बडा उमराव विली टायबर याचं भाषण, खाली हे दोघं. राइनर गुडघे टेकून कबूल करतो, की मला कोणी भाग पाडलं नव्हतं, मला मोठं व्हायचं होतं, लोकांनी मान द्यायला हवा होता, सगळं माझ्यामुळे झालं, मला मारून टाक. एरेन शांतपणे सांगतो, की मीही तुझ्यासारखाच. त्याला हात देऊन उठवतो आणि तसाच टायटन होतो. वरच्या मजल्यांवर माणसं राहत होती. राइनर त्या क्षणी काय करतो? फाल्कोला अंगाखाली घेतो. इथे टाळ्या एरेनसाठीच वाजवायच्या. चुकून राइनरसाठी हात उचलला गेला, तर खाजवल्यासारखं करा.

यानंतर नायकाच्या मित्रांवर नजर ठेवावी लागते. एरेन बालमैत्रीण मिकासाला समोर बसवून सांगतो, की मला लहानपणापासून तुझा तिटकारा आहे. बालमित्र आर्मिन मध्ये पडला तर त्याला बडवतो. ‘तो मुद्दाम तसं वागला, त्यांच्या भल्यासाठी’ हे वाक्य तयार ठेवा. हेच वाक्य घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, तेव्हा पाठ करायला अवघड जाणार नाही. मग मिकासा, आर्मिन, जाँ, कोनी हे राइनर आणि त्याची जुनी साथीदार ॲनी यांच्याशी हातमिळवणी करून एरेनला थांबवायला निघतात. त्यांना फितूर ठरवा. शेकोटीभोवती राइनर स्वतःहून जाँचा मित्र मार्को याच्या मरणाची गोष्ट सांगतो, जाँ त्याला बेदम मारतो आणि गाबी मध्ये पडून लाथ खाते, तो भाग फार लांबलाय असं म्हणा.

आणि रामझी. छावणीतला निर्वासित मुलगा, चोरी करताना पकडला जातो. एरेन त्याला मारापासून सोडवतो आणि त्याच्यासमोर ढसाढसा रडत माफी मागतो. मुलाला भाषा कळत नाही, त्यामुळे आपण कशाची माफी घेतोय हे त्याला समजत नाही. पुढे एरेनच्या हुकमाने भिंतीतले हजारो टायटन जग तुडवत चालू लागतात तेव्हा हा मुलगा आपल्या भावासह त्यांच्या पायांखाली येतो. त्याच सुमारास एरेन हेही कबूल करतो, की भिंतींबाहेर माणसं राहतात हे कळलं तेव्हा आपली निराशा झाली होती. त्याला रिकामं जग हवं होतं, आर्मिनच्या पुस्तकातल्यासारखं. म्हणजे आई, देश, मित्र ही सगळी कारणं आपण त्याच्या वतीने इतकी वर्षं मांडत होतो आणि हा गडी स्वतःच उठून दुसरंच काही सांगतो. वकिलाने अशिलाला गप्प बसवायला हवं होतं.

शेवटी हिशोब असा: जगातली ऐंशी टक्के माणसं मेली. या आकड्याला घाबरू नका. ‘दुसरा पर्याय काय होता?’ असं विचारायचं आणि समोरचा पर्याय सांगू लागला की उठून जायचं. राइनर वाचतो. मालिकेत ज्याला पहिल्यापासून मरायचं होतं तोच वाचतो, इतकंच नव्हे तर तीन वर्षांनी जहाजावर राणी हिस्टोरियाच्या पत्राचा वास घेत बसलेला दिसतो. त्याला खलनायक म्हणत राहणं आता फार कष्टाचं आहे, पण तुम्ही सोडू नका.

खरा धक्का पुढे आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये मांगाचं, म्हणजे ज्यावरून मालिका बनली त्या चित्रकथेचं १३९वं, शेवटचं प्रकरण आलं आणि पहिल्या भागात आईला खाणारा तो टायटन तिच्याकडे वळवणारा दुसरातिसरा कोणी नसून एरेनच होता, हे उघड झालं. झालं, दहा वर्षांचं भांडवल एका पानात बुडालं. पण घाबरू नका, निष्ठावंतांनी यावरही तोड काढली. त्याच प्रकरणात एरेन आर्मिनपुढे रडतो. मिकासाने दुसरं कोणी शोधू नये, निदान दहा वर्षं तरी आपलीच आठवण काढत राहावी, असं लहान मुलासारखं बोलतो. आणि तेव्हा कुठे जगभरचे चाहते खवळून उठले. ऐंशी टक्क्यांवर कोणाची झोप उडाली नव्हती, पण नायक प्रेमात रडला म्हणताच पात्राची वाट लावली, लेखकाने घात केला, शेवट बदला, असा गदारोळ झाला. तुम्हीही त्यात आवाज मिळवा. इतकी मेहनत घेऊन दगड केलेल्या माणसाने शेवटच्या प्रकरणात असं माणसासारखं रडायचं म्हणजे काय!