एक रग, बारा महिने? नाही हो, जमत नाही

टर्नआउट रग म्हणजे घोडा बाहेर मोकळा सोडताना त्याच्या अंगावर घालायची, पाऊस-वारा अडवणारी झूल. सध्या तिच्याबद्दल एक मेसेज फिरतोय. "तापमान आपोआप सांभाळणारा टर्नआउट रग घ्या. थंडीत घोडा उबदार, ऊन पडलं की गार, ग्रॅम जितके जास्त तितका चांगला, वर्षभर एकच पुरतो, घाला-काढायची कटकट नाही." मला तीन जणांनी पाठवला, त्यातले दोघं तर विकत घ्यायच्या बेतात होते, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे "आपोआप". अशा काही रगच्या अस्तरात मेणासारख्या पदार्थाचे बारीक कण असतात, ते वितळताना उष्णता शोषतात आणि गोठताना परत सोडतात. हे खरंच होतं, थाप नाही. पण जरा हिशोब करा ना. असं मेण वितळताना ग्रॅममागे साधारण 200 जूल शोषतं. रगमध्ये 200 ग्रॅम मेण धरू, म्हणजे झाले 40,000 जूल. आणि 500 किलोचा घोडा नुसता उभा असला तरी सेकंदाला ढोबळ 400 जूल उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे 100 सेकंदांत खेळ खल्लास! बरं, सगळी उष्णता काही रगमधूनच जात नाही, म्हणून हवं तर पाच-दहा मिनिटं धरा. मेण एकदा वितळलं की पुढे तो साधा रग, आत भरण जेवढं तेवढी ऊब. ढगाआड सूर्य गेला-आला एवढं तो झेलेल, पहाट ते दुपार नाही झेलणार.

काही जण घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडालाच तापमान-नियंत्रण म्हणून विकतात. ते कापड कामाचं आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे, आणि वर चिखलाचा थर बसला की तेही गुदमरतं.

"ग्रॅम जास्त तितका चांगला" हे तर उलटंच. ग्रॅम म्हणजे दर चौरस मीटरला आत किती भरण आहे ते, रगचं वजन नाही. 0 म्हणजे नुसतं पाऊस-वारा अडवणारं, 300 म्हणजे जाड. अंगावर पूर्ण केस असलेला, पोटभर गवत खाणारा घोडा साधारण 5 ते 25 अंशांत आरामात असतो, आपण मात्र 12 अंशांतच स्वेटर शोधतो आणि तीच थंडी त्याच्यावर लादतो. शिवाय थंडीत तो केस फुलवून मधे हवा धरतो, रग ते केस दाबून टाकतो. केस कापलेला, म्हातारा, हडकुळा किंवा पावसात वाऱ्यात भिजणारा घोडा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे रग हवाच.

आणि ते "कान गार म्हणजे घोडा गारठला" सोडा आता. रगखाली हात घाला, खांद्यामागे. ओलसर लागलं तर रग जास्त झालाय.

"काढायची कटकट नाही" यावर तर घोड्यांनीच उत्तर दिलंय. नॉर्वेत 23 घोड्यांना फळ्यांवरची चिन्हं दाखवून शिकवलं, रग घाला, काढा, किंवा आहे तसं राहू द्या. 2016 साली ते छापून आलं. ऊन असलं की घोडे काढा म्हणायचे, ओल्या गार वाऱ्यात घाला म्हणायचे. मी सांगेन तर एक बिनभरणाचा आणि एक मध्यम भरणाचा असे दोन घ्या, आणि सकाळी घातलेला दुपारी काढायला माणूस ठेवा.